उकिरडा, सोनखत आणि निळा डबा

"ग्रामीण भागात कचरा वर्गीकरणाबाबत जनजागृतीची गरज आहे." हे वाक्य सरकारी पत्रकांत, संस्थांच्या प्रेझेंटेशनमध्ये आणि आपल्या ऑफिसातल्या सीएसआरच्या मेलमध्ये इतक्या वेळा येतं की आपण त्यावर विचार करणंच सोडून दिलंय. गावातल्या लोकांना माहीत नाही, शहरातल्यांना माहीत आहे, म्हणून शहरातल्यांनी जाऊन सांगायचं, असा त्याचा सरळ अर्थ. हिरवा डबा ओल्याचा, निळा डबा सुक्याचा. एक पथनाट्य, एक रॅली, शेवटी ग्रुप फोटो.

पण जरा मागे जाऊन पाहिलं तर चित्र बरोबर उलटं दिसतं. कचरा वेगळा करणं ही गोष्ट गावाला कोणी बाहेरून येऊन शिकवली नव्हती, ती तिथे होतीच. ती मोडली, आणि का मोडली याची कारणं सनावळीसकट सांगता येतात. उदाहरणासाठी पनवेल तालुका घेऊ. आपल्यापैकी बरेच जण तिथे राहतात किंवा निदान एक्सप्रेस वेवरून तिथून जातात. शिवाय गाव, गावठाण, सिडकोचा नोड, महानगरपालिका आणि ग्रामपंचायतीतले टॉवर हे सगळं एकाच तालुक्यात बघायला मिळतं.

आधी जुनी पद्धत. भाताच्या पट्ट्यातलं एखादं घर डोळ्यासमोर आणा. शेण वेगळं, त्याच्या गोवऱ्या किंवा खत. चुलीतली राख वेगळी, ती भांडी घासायला आणि कडधान्याला कीड लागू नये म्हणून. खरकटं, भाजीची देठं, कोंडा हे सगळं गुराच्या घमेल्यात. जुनी लुगडी-धोतरं गोधडीत, गोधडीत न जाणाऱ्या चिंध्या पोतेऱ्याला आणि वातींना. त्यातूनही बरे कपडे उरले तर बोहारणीला, बदल्यात एखादं पातेलं. लोखंड, पत्रा, बाटल्या भंगारवाल्याला. पालापाचोळा, फांद्या, पेंढ्याचा चुरा, शेण हे उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर थर देऊन जाळायचं, त्याला राब म्हणतात. आणि यातून जे काही उरेल ते परसातल्या उकिरड्यावर. पावसाळ्याआधी उकिरडा उपसायचा आणि गाडीने शेतावर न्यायचा.

मोजा बरं किती प्रकार झाले! आपण दोन डब्यांवर अडलोय, तिथे सात-आठ वाटा होत्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक प्रोसेसचं आउटपुट दुसऱ्या कुठल्यातरी प्रोसेसचं इनपुट होतं, त्यामुळे 'कचरा' नावाचा वेगळा फोल्डर करायची फारशी वेळच आली नाही. 'उकिरडा' हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो, पण शेतकऱ्याच्या लेखी ती खताची पेढी होती. उकिरडा किती मोठा यावरून घरात गुरं किती, शेत किती याचा अंदाज येई.

हे सगळं टिकून होतं याचं कारण गावकरी पर्यावरणवादी होते असं अजिबात नाही. वेगळ्या काढलेल्या प्रत्येक गोष्टीला गिऱ्हाईक होतं, म्हणून ते टिकलं. गिऱ्हाईक कधी बोहारीण, कधी घरातली म्हैस, कधी स्वतःचंच शेत. राख शेणात मिसळली तर नुकसान घरच्याच बाईचं होतं, म्हणून कोणी मिसळत नव्हतं.

इथपर्यंत वाचून "वा, काय आपले पूर्वज!" असं म्हणायच्या आधी थांबा. या व्यवस्थेला एक दुसरी बाजू आहे आणि ती बिलकूल गोड नाही.

राख आणि शेण घरच्या बाईने वेगळं केलं, पण मेलेलं जनावर? ते ओढून न्यायचं काम महारांचं, आणि ते नाकारायची सोय नव्हती. मैला? तो उचलायला आणखी एक जात. शेतीच्या जुन्या बोलीत मैल्याच्या खताला 'सोनखत' असा सुंदर शब्द आहे. सोनं ज्याच्या शेतात पडायचं त्याचा हात मात्र त्याला लागत नव्हता, आणि ज्याचा हात लागायचा त्याला शिवायचं नाही! म्हणजे जुन्या गावात वस्तूंचं वर्गीकरण होतं तसंच माणसांचंही होतं, आणि पहिलं बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या जिवावर चालत होतं.

याला पहिला मोठा जाहीर नकार मिळाला तो पनवेलच्याच जिल्ह्यात. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली (आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा). आपल्याला त्यातलं चवदार तळं आठवतं, ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, गावाची असली हलकी मानली जाणारी कामं सोडा, असंही सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाबद्दलचं बिल मुंबईच्या कौन्सिलात मांडलं. वतनं कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं. गावाच्या स्वच्छतेचा इतिहास लिहिताना हे पान गाळलं तर बाकीचा इतिहास नुसती स्मरणरंजनाची गोष्ट होते.

मग पुढचा प्रश्न साहजिक होता. त्यांनी सोडलं तर करायचं कोणी? आणि याचं उत्तर "ज्याची घाण त्याने" असं स्वतःच्या हाताने देणारी काही माणसं महाराष्ट्रात होऊन गेली.

गाडगेबाबा (१८७६-१९५६) आपल्याला खराटा आणि डोक्यावरच्या गाडग्यामुळे माहीत आहेत. पण त्यांच्या पद्धतीतला क्रम बघण्यासारखा आहे. गावात गेल्यावर आधी झाडायला सुरुवात. सगळ्यांच्या देखत, न विचारता, न बोलता. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. कीर्तनही एकतर्फी नाही, समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं. जनजागृती होती, पण ती कामानंतर. आणि गावाने खाऊ घातलं तर तेही काम केल्यावरच. आपल्याकडे हल्ली क्रम उलटा झालाय. आधी भाषण, मग चहा-बिस्किट, आणि झाडण्याचा फक्त फोटो. पारनेरमध्ये सेनापती बापटांनीही रोज सकाळी झाडू घेऊन गाव झाडण्याचं व्रत घेतलं होतं.

कोकणात हेच काम आप्पासाहेब पटवर्धनांनी (१८९४-१९७१) एक पायरी पुढे नेलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. जातीमुळे ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी उपोषण केलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपोषण आरंभलं. तुरुंगात काम टाळण्यासाठी उपोषण समजू शकतं, पण संडास साफ करायला मिळावे म्हणून उपोषण! नंतर कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे साधे संडास, गोबरगॅस, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं काम असे प्रयोग केले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नुसतं झाडून भागत नाही, घाणीतून काहीतरी उपयोगाचं निघालं तरच माणूस तिच्याजवळ जाईल, आणि सगळ्या जातीची माणसं ते काम करू लागली तरच त्याचा कलंक जाईल.

याच काळात खताच्या शास्त्रातही आपल्याकडे मोठं काम झालं. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि माती थरांनी रचून खत करायची पद्धत नीट मांडली. १९३१ साली त्यावर दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. जगभर सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डचं नाव घेतात, वाड मात्र आपल्यालाही माहीत नसतात. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी जाळीदार भिंतींची विटांची टाकी काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. थोडं शेण, बाकी पाला आणि माती, तीन-चार महिन्यांत खत. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. आज ग्रामपंचायतींच्या आराखड्यात 'नाडेप' लिहिलेलं असतं ते म्हणजे हे. बऱ्याच जणांना ते एखाद्या सरकारी योजनेचं इंग्रजी संक्षिप्त नाव वाटतं!

म्हणजे १९६०-७० च्या सुमाराला अनुभव होता, शास्त्र होतं, आणि आपली घाण आपण उचलायची हा विचारही रुजायला लागला होता. मग बिनसलं कुठे?

पनवेलपुरतं बोलायचं तर पहिलं उत्तर आहे जमीन. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. पुढचा संघर्ष सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण एक छोटा परिणाम कोणी फारसा मांडत नाही. शेत गेलं की राब गेला. राब गेला की पाल्याचं आणि शेणाचं गिऱ्हाईक गेलं. चरायला जागा नाही म्हणून गुरं गेली, गुरं गेली की खरकट्याचं गिऱ्हाईक गेलं. चूल जाऊन गॅस आला, राख संपली. परसावर चाळ किंवा बिल्डिंग उभी राहिली, उकिरड्याची जागाच संपली. घरातली बाई तीच, तिचं ज्ञान तेच. पण वेगळं करून द्यायचं कोणाला? काही वर्षांत सगळं एकाच पिशवीत जायला लागलं आणि ती पिशवी नाल्यात.

ज्या गावांची शेती शाबूत होती तिथे दुसरं कारण पोचलं, ते म्हणजे पुडी. १९८० च्या दशकात शाम्पू एक-दोन रुपयांच्या सॅशेत यायला लागला, मग चहा, मसाला, गुटखा, वेफर्स, सगळंच. गरिबाला परवडेल असं माप म्हणून ही कल्पना खरंच हुशार होती. पण पुडीचा कागद हा कागद नसतो. प्लास्टिक आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले. म्हैस खात नाही, शेत घेत नाही, चुलीत घातला तर विषारी धूर. आणि मुख्य म्हणजे भंगारवालाही हात लावत नाही. बाटली घेतो, दुधाची पिशवी घेतो, पुठ्ठा घेतो, पुडी नाही. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच अशी वस्तू घरोघरी आली जिला एकही गिऱ्हाईक नव्हतं. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर राज्याने पातळ पिशव्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये आणखी कडक केली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. पुडी या सगळ्यातून सहीसलामत सुटली.

सरकारने काहीच केलं नाही का? केलं की. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 'संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान' सुरू झालं, आणि ते खरोखर वेगळं होतं. त्याआधी घरोघर अनुदान वाटून संडास बांधले होते. त्यातल्या बऱ्याच संडासांत सरपण आणि कोंबड्या होत्या. आबांनी अनुदानाऐवजी गावागावांत स्पर्धा लावली. बक्षीस घराला नाही, गावाला. लोकांनी श्रमदान करून गावं चकाचक केली, समित्या येऊन मार्क देऊन गेल्या. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार २००३ मध्ये सुरू झाला, त्यातही महाराष्ट्राची गावं सुरुवातीपासून पुढे होती.

पण स्पर्धेचे दोन गुण तेच तिचे दोन दोष. एक, ज्याला मार्क जास्त तेच केलं जातं. सगळ्यात मोठा प्रश्न उघड्यावर शौचाला बसण्याचा होता, त्यामुळे सारी ताकद हागणदारीमुक्तीवर लागली. पहाटे टमरेलवाल्यांना गाठणारी 'गुड मॉर्निंग पथकं' आठवत असतील. ते आवश्यक होतं, यात वाद नाही. एप्रिल २०१८ मध्ये राज्य हागणदारीमुक्त जाहीर झालं. पण तोपर्यंत कचरा हा विषय भिंतीवरच्या घोषणेपुरता उरला. दोन, समिती येऊन गेली की गाव दमतं. दिवाळीची साफसफाई रोज कोण करणार?

कायद्याचंही तसंच. २००० सालचे घनकचरा नियम फक्त शहरांसाठी होते. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन प्रकार करायला सांगितले, आणि शहरांबरोबर जनगणनेत 'शहरी' ठरलेली गावंही त्यात घेतली. खऱ्या खेड्यांसाठी पैसा आला तो २०२० मध्ये, स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५. जरा गणित करा. तीन हजारांच्या गावाला झाले १ लाख ८० हजार, तेही एकदाच. त्यात कचऱ्याची एक ई-रिक्षा घेतली की विषय संपला. चालवणाऱ्याचा पगार दर महिन्याला कुठून? प्लास्टिकसाठी तालुक्याला एक प्रक्रिया केंद्र अशी तरतूद आहे. गिऱ्हाईकाचा प्रश्न कागदावर का होईना, पहिल्यांदा इथे आला असं मला वाटतं.

आता परत पनवेलला येऊ. इथली नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली आणि सिडकोच्या नोडांबरोबर २९ गावं एका रात्रीत 'शहर' झाली. त्यांच्या दारात घंटागाडी आली. पण हद्दीच्या पलीकडे सुकापूर, विचुंबे, उसर्ली, करंजाडे बघा. सात-सात मजली इमारती, लिफ्ट, फायबर इंटरनेट, आणि कारभार ग्रामपंचायतीचा! ज्या पंचायतीकडे कधीकाळी काही शे घरं होती आणि प्रत्येक घराचा स्वतःचा उकिरडा होता, तिच्या गळ्यात आता हजारो फ्लॅटचा कचरा आहे, आणि टाकायला स्वतःची धड जागा नाही. अशा ठिकाणी 'ग्रामीण कुटुंबांना वर्गीकरणासाठी प्रवृत्त करणे' म्हणजे नक्की कोणाला प्रवृत्त करणे? तर आपल्याला! कागदोपत्री ग्रामीण कुटुंब म्हणजे तिथे टू बीएचके घेतलेला, रोज लोकल पकडणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस. आणि शनिवारी गाढेश्वरच्या धबधब्यावर वेफर्सची पुडी टाकून येणाराही तोच. ज्या गाढी नदीच्या काठावर आपण ती टाकतो, तिच्यावरच्या देहरंग धरणातून पनवेल शहराला पाणी येतं.

मग चाललंय ते कुठे? दोन उदाहरणं मला पटतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना कर वेळेवर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट अशी योजना केली. वर्गीकरणाशी याचा काय संबंध? संबंध असा की गाडीच्या ड्रायव्हरचा पगार त्या करातून निघतो. दुसरं वेंगुर्ला. बारा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव म्हणावं असं शहर. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना, २०१५ नंतर, कचरा घरातूनच वेगळा करून घेतला आणि केंद्रावर त्याचे पुन्हा वीसहून जास्त प्रकार केले. ओल्याचा बायोगॅस आणि खत, पाल्याच्या कांड्या, पुठ्ठा विक्रीला, आणि कोणी न घेणारं प्लास्टिक बारीक करून डांबरात. म्हणजे पुडीलाही गिऱ्हाईक मिळालं! जिथे कचरा साचायचा ती जागा लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. नंतर कोकरे पनवेलच्या शेजारी, कर्जतलाही होते.

या दोन्ही ठिकाणी पथनाट्यं झाली असतील, नाही असं नाही. पण आधी गिऱ्हाईक शोधलं गेलं, मग घरोघरी सांगितलं गेलं. गाडगेबाबांचा क्रम तोच. आधी काम, मग कीर्तन. उलट बहुतेक ठिकाणी काय होतं? बाई दोन डबे ठेवते, आठवडाभर नेटाने वेगळं करते, आणि एक दिवस बघते की टेम्पोवाला दोन्ही डबे एकाच ढिगात उपडे करतोय. दुसऱ्या दिवसापासून ती एकच डबा ठेवते. तिची जनजागृती त्या दिवशी खरी पूर्ण झाली असं म्हणायला हवं.

आणि दुसरी गोष्ट महाडची. आपण मिसळून दिलेला ढीग शेवटी कोणीतरी हातानेच वेगळा करतं, तळोज्यासारख्या क्षेपणभूमीवर किंवा पंचायतीच्या शेडमध्ये. ते हात कोणाचे असतात हे १९२७ मध्ये स्पष्ट होतं, आजही फार अवघड कोडं नाही. आपल्या स्वयंपाकघरात वेगळं करायचं ते पर्यावरणासाठी आहेच, पण त्याआधी सॅनिटरी पॅड आणि फुटकी काच दुसऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून आहे. याला डबा लागत नाही, एक जुना पेपर आणि दोन मिनिटं लागतात.

असो. तुम्ही अशा ग्रामपंचायतीतल्या टॉवरमध्ये राहत असाल तर एक करता येईल. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला साधारणपणे ग्रामसभा होते. तिथे मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, बोलावणं येण्याची वाट बघायची गरज नाही. तिथे उभं राहून "लोकांमध्ये जागृती करा" असं सांगू नका. एवढंच विचारा, आमचा सुका कचरा कोण विकत घेतो, कितीला घेतो, आणि जो कोणीच घेत नाही तो कुठे जातो? उत्तर आलं नाही तर इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या, आणि पुढच्या सभेला तोच परत विचारा. माहीत आहे, चारही दिवस सुट्टीचे आहेत आणि आपला लोणावळ्याचा प्लॅन ठरलेला असतो. एखादा वीकेंड नाही गेलो तर लोणावळ्याला तेवढाच आराम!